चौथी बॅच

४ जानेवारी, शनिवार

पोचले एकदाची. नागपूरच्या लॅबमधली तीन वर्षं दोन बॅगांत मावली आणि तिसऱ्या बॅगेत आईनं कोंबलेले तिळाचे लाडू, शेवया, लोणचं. दुर्गला उतरून ऑटो केली. सुपेला चौकात अर्धा तास अडकलो, तेवढ्यात ऑटोवाल्यानं मी कुठली, कोणाची, लग्न झालं का, सगळं विचारून घेतलं. मराठी आहे कळल्यावर म्हणाला की मग हे तुमचंच गाव समजा, इथं नागपूरकडची माणसं पावलोपावली भेटतील. ऐकून बरं वाटलं.

इमारत तीन मजल्यांची आहे. खाली डोळ्यांचा दवाखाना, मध्ये लॅब, वर दोन खोल्या आणि गच्ची. एक खोली माझी, दुसरीला कुलूप. गच्चीवर सशांची शेड आहे. तिथून भिलाईच्या पोलाद प्लांटच्या धुराच्या चिमण्या दिसतात आणि कठड्यावर बोट फिरवलं की तांबूस धूळ लागते. खोली मोठी, खिडक्या दोन, नळाला चोवीस तास पाणी. नागपूरच्या कोंदट होस्टेलनंतर मला हा महालच वाटला.

ही नवी वही आज सुरू केली. आईचं मत आहे की मी तापट आहे आणि रोज लिहिलं तर डोकं थंड राहील. माझं मत आहे की मला चुकीच्या गोष्टी बघवत नाहीत, एवढंच. पण वही छान आहे, लिहीन.

६ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. डॉ. अरुणकुमारांनी स्वतः सगळं दाखवलं. पन्नाशीचे, हळू बोलणारे, वडील प्लांटमध्ये अधिकारी होते म्हणे. खालचा दवाखाना आणि वरची लॅब दोन्ही त्यांचीच. भट्टीसमोर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसांना लवकर मोतीबिंदू होतो. ऑपरेशनमध्ये काढलेलं ते गढूळ भिंग खालून आमच्याकडे वर येतं. आम्ही त्यात एक प्रथिन मोजतो. ताण पडला, उष्णता वाढली की हे प्रथिन बाकीच्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यांच्या गुठळ्या होऊ देत नाही. ते किती उरलंय हे कळलं तर भिंग कधी हार मानेल तेही कळतं. मला हे काम पहिल्यापासून आवडतं, कारण भिंगाच्या गाभ्यातलं प्रथिन आपण आईच्या पोटात असताना बनतं आणि मरेपर्यंत बदलत नाही. त्याच्याभोवती पक्कं आवरण असतं. रक्त तिथं पोचत नाही, म्हणून रक्ताला ते प्रथिन आपलं आहे हेसुद्धा ठाऊक नसतं.

ते शोधायला अँटीबॉडी लागते. सशाला ते प्रथिन टोचायचं, सशाचं रक्त त्याला शत्रू समजून अँटीबॉडी बनवतं, मग ते रक्त काढायचं. ज्या सशाचं रक्त, त्याच्या पिंजऱ्याच्या नंबराची बॅच. इथली चार नंबरची बॅच बाहेरच्या लॅबवाले मागून नेतात.

नव्या माणसानं पहिल्या दिवशी थोडं रक्त द्यायचं, कोरा नमुना म्हणून, ही इथली रीत. आमच्याकडेही होती, दिलं. शिवाय माणसाचे अवयव हाताळायचे म्हणून काविळीची लस, तीही डॉक्टरांनीच टोचली. सशांना रोज टोचणारी मी, पण स्वतःच्या दंडात सुई जाताना भिंतीकडे बघते. हा माझा जुनाच बावळटपणा आहे.

दिवस छान गेला असता, पण बरोबर काम करणारा प्रफुल नावाचा गृहस्थ आहे. पस्तिशीचा, भिलाईतच वाढलेला. ओळख करून दिल्यावर नमस्कार नाही, काही नाही. डॉक्टर बाहेर जाताच त्यानं मला विचारलं, “तुमी इथं कावून आल्या? नागपुराले लॅबा सरल्या का?” मी म्हटलं, सरल्या नाहीत, तुमच्याच लॅबला माणूस सापडत नव्हता. त्यानं पाठ फिरवून नळ्या मोजायला घेतल्या.

९ जानेवारी, गुरुवार

आज चौथी बॅच पहिल्यांदा वापरली. काय अँटीबॉडी आहे. भिंगाचा अर्क जेलमधून चालवला, तिथली प्रथिनं पांढऱ्या कागदासारख्या पटलावर उतरवली, त्यावर चौथी बॅच, मग दुसरी अँटीबॉडी, मग अंधाऱ्या खोलीत फिल्म. फिल्मवर एकच रेषा आली. काळी, सरळ, दोन्ही कडा धारदार, वर-खाली कुठं डाग नाही. तीन वर्षांत इतकी स्वच्छ रेषा मी पाहिली नव्हती. एक, दोन, तीन नंबरच्या सशांच्या बॅचेस हिच्यापुढे गचाळ वाटतात.

दुसरी अँटीबॉडी म्हणजे पहिलीला ओळखून तिला चिकटणारी, चमकणारी. पहिली सशाची असेल तर सशाला ओळखणारी लागते. ती प्रफुल दर सोमवारी पातळ करून नळ्यांत भरतो. पिवळ्या झाकणाची बाकीच्या बॅचेसना, निळ्या झाकणाची फक्त चौथीला. असं का विचारलं तर म्हणाला, सर सांगतात तसं करतो. डॉक्टर म्हणाले की चौथी फार तेज आहे, तिला जास्त पातळ लागते. पटलं.

शेडमध्ये जाऊन ससे बघितले. तिथं चंपाबाई असतात, साठीच्या, शेड झाडतात आणि आम्हा सगळ्यांचा स्वयंपाकही करतात. पिंजरे तीनच आहेत. चौथा कुठाय विचारलं तर त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि पाण्याची बादली माझ्या पायाशी आपटली. सलवार भिजली. डॉक्टर सोडले तर या इमारतीत कोणाला साधं बोलता येत नाही असं दिसतंय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईचे लाडू सगळ्यांना वाटले. डॉक्टरांनी घेतला, छान म्हणाले, आईची चौकशी केली. घरी अजून कोण कोण असतं, मी किती दिवसांनी फोन करते, हेही विचारलं. चंपाबाईंनी लाडू पदरात बांधला. प्रफुलनं मात्र हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि न खाता टेबलाच्या खणात ठेवला. तिळगूळ देऊन गोड बोला म्हणायची माझी इच्छाच मेली. त्यानं खाली मान घालून म्हटलं की आठवडाभरात जमत नाही सांगून निघून जा, कोणी काही म्हणणार नाही. मी त्याला सरळ सांगितलं की माझ्या जागेवर डोळा असेल तर डॉक्टरांकडे अर्ज कर, माझ्याकडे नको.

असली माणसं मला ठाऊक आहेत. बाहेरून आलेली बाई त्यांच्यापेक्षा चांगलं काम करते हे त्यांना सहन होत नाही.

२० जानेवारी, सोमवार

लसीचा दुसरा डोस. महिन्यानं असतो ना, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले की धोक्याच्या कामात घाईचा क्रम देतात, चौदा दिवसांनी. असा क्रम असतो हे मीही ऐकलंय. लस लागू पडली का बघायला रक्तही घेतलं. दंड चांगलाच सुजलाय, पहिल्या जागी सुपारीएवढी गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, जाईल.

संध्याकाळी जेवण आणून देताना चंपाबाईंनी माझ्या दंडाकडे बघितलं. ताट ठेवून म्हणाल्या, “इहाँ झन रह, बेटी.” इथं राहू नकोस. का, ते सांगेनात. मी म्हटलं, तुम्ही आणि प्रफुल मिळून मला हाकलायचं ठरवलंय का. त्या गेल्या. आज वरण जळलेलं होतं, बहुतेक मुद्दामच.

२४ जानेवारी, शुक्रवार

खुर्सीपारला, कामगारांच्या वस्तीत गेले होते. ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या सह्या घ्यायच्या होत्या, त्यांचं भिंग तपासायला आमची हरकत नाही अशा. डॉक्टरांची गाडी आणि ड्रायव्हर दिला होता. पहिलंच घर धोंडबा नावाच्या कंत्राटी कामगाराचं. म्हातारा खाटेवर बसून होता, डोळा चांगला बरा झालेला. गाडीवरचं नाव बघून त्याच्या बायकोनं दार लावून घेतलं. पुढच्या दोन घरांनीही. गल्लीत बाया जमल्या. एकीनं दुसरीला विचारलं, “नवी हेच काय?” दुसरी माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती माझ्या डोळ्यांत बघत होती, आधी एका, मग दुसऱ्या.

परतताना गाडीवर दगड आला. मागची काच तडकली. मी उतरून भांडणार होते, ड्रायव्हरनं गाडी थांबवलीच नाही. फुकट ऑपरेशन करून वर दगड खायचे. मला इतका राग आला की जेवले नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

तिसरा डोस. पुन्हा रक्त. हात खांद्याच्या वर उचलत नाही, अंगात कणकण आहे. डॉक्टर आज फारच खूश होते. पुढच्या सोमवारी माझे डोळे तपासणार म्हणाले, स्टाफचे दरवर्षी तपासतात, जरा भूल देऊन आतून बघावं लागतं. माझे डोळे उत्तम आहेत, चष्मासुद्धा नाही. तसं सांगितलं तर हसून म्हणाले, म्हणूनच.

चौथी बॅच संपत आलीय. काचेच्या बंद कुप्या बाराच उरल्यात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक गोष्ट झाली. सावकाश लिहिते, म्हणजे मलाच नीट कळेल.

प्रफुल रजेवर होता. कोणाला तरी रायपूरला दाखवायला नेलंय म्हणे. निळ्या झाकणाची नळी सकाळीच संपली. मी म्हटलं, पातळ-घट्टाचाच फरक आहे तर पिवळी अजून पातळ करून वापरू. वापरली. फिल्म कोरी. पुन्हा केलं, घट्ट वापरून केलं. कोरी. एक नंबरच्या बॅचवर तीच पिवळी लावली तर रेषा लगेच आली.

पिवळी सशाच्या अँटीबॉडीला ओळखते. चौथीला ओळखत नाही. म्हणजे चौथी बॅच सशाची नाही.

निळी कशापासून बनवतो ते शोधलं. मोठ्या फ्रीजरच्या तळाला, बर्फात रुतलेली मूळ बाटली. लेबल पुसून वाचलं. माणसाच्या अँटीबॉडीला ओळखणारी.

मी महिनाभर माणसाचं रक्त वापरत होते आणि त्याच्या रेषेचं कौतुक करत होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाटलीच्या शेजारी एक डबी होती. आज पुन्हा फ्रीजर उघडून ती काढली. तीन छोट्या नळ्या. प्रफुलच्या अक्षरात: ५-पूर्व, ६ जानेवारी. ५-एक, २० जानेवारी. ५-दोन, ३ फेब्रुवारी.

सशाला टोचण्याआधी जे कोरं रक्त काढतात त्याला आम्ही पूर्व म्हणतो. मग टोचायचं, चौदाव्या दिवशी पुन्हा, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा. हे दिवस मला झोपेतही पाठ आहेत. शेकडो सशांच्या तक्त्यांत मी ते स्वतः भरलेत. माझ्याच दंडावर तीन गाठी येईस्तोवर मला ते दिसले नाहीत, कारण मी भिंतीकडे बघत होते.

काविळीची लस नव्हती ती.

चंपाबाईंना शेडमध्ये गाठलं आणि म्हटलं, चौथा ससा कोण ते सांगितल्याशिवाय मी हलणार नाही. त्या रडायला लागल्या. ससा नव्हता. मुलगी होती. प्रफुलची बहीण, संघमित्रा. माझ्याच जागेवर होती, माझ्याच खोलीत राहायची.

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

रात्री मी माझं स्वतःचं रक्त तपासलं. ५-दोन मधला एक थेंब, भिंगाचा अर्क, निळीच्या मूळ बाटलीतली दुसरी अँटीबॉडी. पहाटे फिल्म धुतली.

रेषा आहे. पण फिकी. पेन्सिलीनं ओढून खोडल्यासारखी. मी अंधाऱ्या खोलीत खाली बसून रडले, इतकं हलकं वाटलं. रक्त माझ्या भिंगाला थोडं ओळखायला लागलंय, पण थोडंच. आणि भिंग आवरणात बंद आहे. आवरण शाबूत असेपर्यंत रक्त आत पोचू शकत नाही. माझे डोळे सुरक्षित आहेत. डोळ्यांना काही लागू द्यायचं नाही, बस. उद्या दुपारची गाडी पकडायची. आईला अजून काही सांगितलं नाही.

त्या मुलीला भेटून येते. तिला सांगायला हवं की मला कळलंय.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ

घर खुर्सीपारला आहे एवढंच चंपाबाईंनी सांगितलं होतं, ऑटोनं गेले. प्रफुलचं घर विचारलं तर कोणी सांगेना. शेवटी एका पोरीनं हात केला. स्वच्छ दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, खाली संघमित्राची एमएस्सीची पदवी फ्रेम करून लावलेली. ती खाटेवर बसून लसूण सोलत होती. माझ्याएवढीच. दोन्ही डोळे पांढरे.

प्रफुल दारातच आडवा आला, मला दंडाला धरून बाहेर काढायला लागला, नेमकं गाठीवर धरून. संघमित्रानंच त्याला थांबवलं. तिनं मला बस म्हटलं नाही. बोलली तेही लसूण सोलता सोलता.

“मले बी तीनच इंजेक्शन देले होते त्यायनं. मंग एक नळी फुटली, काच गेली उजव्या डोयात. डाव्याले तर कोनी हात बी नाही लावला. तो वीस दिवसात आपोआप गेला. रक्तानंच खाल्ला.”

फुटलेल्या भिंगातलं प्रथिन रक्तात गेलं. रक्त त्यावर पिसाळलं आणि शाबूत डोळ्यातही शिरलं. हे पुस्तकात मी वाचलंय. असं होऊ शकतं हे मला माहीत होतं.

मी तिला धीर द्यायला म्हटलं की माझी रेषा तर फिकी आलीय. तिचे हात थांबले. म्हणाली, “माही बी फिक्कीच होती. डोया फुटल्यावरच चांगलं रक्त निंगालं. चौथी बॅच त्याच्यानंतरची हाय. आता तेबी उतरून राहिलं, म्हनून तू.”

सोमवारी डोळे तपासणार आहेत. भूल देऊन. आतून.

प्रफुलनं मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं. पहिल्या दिवशीच सांगत होतो, म्हणाला. मग म्हणाला की नंतर नंतर सांगणं सोडलं, कारण पाचवी बॅच झाली की बहिणीला रक्तासाठी बोलावणार नाहीत असं सरांनी कबूल केलंय. माझ्याकडे न बघता म्हणाला. मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं हात वर केला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

बॅगा भरल्या. गाडी दुपारी. पण माझं रक्त त्या माणसाच्या फ्रीजरमध्ये ठेवून मी जाणार नाही. आणि तिचंही नाही. रविवारी लॅब बंद असते, किल्ली माझ्याकडे आहे. दहा मिनिटांचं काम आहे. लॅबचा गॉगल घालून जातेय, डोळ्यांना काही लागू नये म्हणून.

मी घाबरलेली नाही. मी संतापलेली आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एका डोळ्यानं लिहितेय. उजव्या.

माझ्या नळ्या बेसिनमध्ये ओतल्या. कुप्या बंद काचेच्या, त्या खलात घालून बत्त्यानं फोडत होते. सात झाल्या. गॉगलवर वाफ धरली म्हणून तो कपाळावर सरकवला. तेवढ्यात दारात डॉक्टर. किती वेळ उभे होते कोण जाणे. आवाज न चढवता म्हणाले की ठेव ते, तू नीट काम करणारी मुलगी आहेस, हे शोभत नाही. शोभत नाही म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत बत्ता हाणला, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून.

काच उडाली. डावा डोळा. आधी थंड लागलं, मग गालावर काहीतरी ओघळलं, आणि ते पाणी नव्हतं.

डॉक्टर धावले नाहीत. कोणता, एवढंच विचारलं.

मी स्वतः फोडला. त्यांना सोमवारची वाटसुद्धा बघावी लागली नाही. गॉगल कपाळावर होता, कपाळावर. नळ्या ओतल्या म्हणजे रक्त संपलं असं कसं वाटलं मला, नवीन तर माझ्या अंगातच बनतंय.

१२ फेब्रुवारी

टाके घातलेत. मी वरच्या दुसऱ्या खोलीत आहे, जिला कुलूप असायचं. दवाखान्याची खाट आहे इथं. सलाईनचा खांब आहे. कधीपासून तयार होती ही खोली.

फोन डॉक्टरांकडे. आईशी त्यांनीच बोलून घेतलं, माझ्यासमोर. किरकोळ लागलंय, प्रवासात हादरे बसून टाके उसवतील, दोन आठवडे इथंच राहू द्या. मी ओरडले तर त्यांनी आईला सांगितलं की तापात आहे, बडबडतेय. आई त्यांचे आभार मानत होती. मला ऐकू येत होतं.

सकाळी रक्त घेतलं. दाराला बाहेरून कडी.

१३ फेब्रुवारी

उपाय आहे. स्टेरॉइडचे थेंब, गोळ्या. रक्ताला शांत करतात. लगेच सुरू केले तर उजवा वाचू शकतो. खाली प्रत्येक पेशंटला देतात ते थेंब. दुधासारखे असतात, बाटली हलवून घालायचे.

मला जे घालताहेत ते पाण्यासारखे आहेत. स्वच्छ.

देणारच नाहीत. रक्त शांत झालं तर बॅच बिघडेल.

१४ फेब्रुवारी

प्रफुल जेवण घेऊन आला. चंपाबाईंना काढून टाकलं म्हणे. मी त्याचे पाय धरले. खरंच धरले. थेंबाचं नाव कागदावर लिहून दिलं, सुपेल्यात कुठल्याही दुकानात मिळतं. कानाखाली मारल्याची माफी मागितली. तो कागद खिशात घालून गेला.

उजवा ठीक आहे. खिडकीतून प्लांटच्या सगळ्या चिमण्या मोजता येतात. दर तासाला मोजते.

१५ फेब्रुवारी

बाटली आणली. नाव बरोबर. सील फोडलेलं — म्हणाला दुकानदारानं तपासून दिलं. घातले. दिवसातून सहा वेळा घालीन. वाचेन मी.

उजवा थोडा लाल आहे. जागरणानं असेल. रडण्यानं.

१६ फेब्रुवारी

उजेड सहन होत नाही. पडदा लावून लिहिते.

बाटली उजेडासमोर धरली — आरपार दिसतं. पांढरं काही नाही. हलवलं. पुन्हा हलवलं. पाणी आहे ते. नाव खरं आणि आत पाणी.

त्याला विचारलं. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. म्हणाला, “आठ दिवस झाले, संघमित्राले कोनी बोलावलं नाही. पयल्यांदाच.” मग म्हणाला की तुमच्या जागी तुमची बहीण असती तर —

मला बहीण नाही. मला दोन डोळे होते.

१७ फेब्रुवारी

रक्त. सकाळी आणि संध्याकाळी.

चिमण्या — शेवटची दोन आहेत की एक, नक्की —

दिव्याभोवती रंगीत कडं. दिवा बदला म्हटलं. कोणी बदलत नाही.

१८ फेब्रुवारी

प्रफुल फिल्म घेऊन आला. सरांनी दाखवायला सांगितली म्हणे, माझ्या रक्ताची, कालच्या. मी फेकून देणार होते. पण हात गेला. इतक्या वर्षांची सवय, फिल्म दिसली की उजेडासमोर धरायची. पडदा सरकवला. दुखलं तरी धरली.

काळी. एकच. चौथीपेक्षा काळी. वर-खाली काही नाही. देवा, मला क्षणभर आनंद झाला. आयुष्यात इतकी चांगली —

पण कडा बरोबर नाहीत. धुवायला घाई केलीय यानं, रेषा दोन्ही बाजूंना पसरलीय, धुरासारखी. असलं काम मी बाहेर जाऊ दिलं नसतं. म्हटलं, ही पुन्हा धुऊन आण. तो जागचा हलेना. ओरडले त्याच्यावर. म्हटलं, कडा फाटल्यात, दिसत नाही का तुला.

त्यानं फिल्म माझ्या हातातून घेतली, खिडकीशी नेली, बराच वेळ बघितली. मग हळूच म्हणाला की रेघ एकदम साफ आहे ताई, कडा सरळ आहेत, तुमाले